सही न करणारा डॉक्टर

पुण्यात कुणी ‘येरवड्याला गेला’ म्हटलं की ऐकणारा विचारतो, कुठल्या येरवड्याला? तिथे मध्यवर्ती कारागृह आहे आणि मनोरुग्णालयही आहे. मुंबईकडे ‘याला ठाण्याला पाठवा’ हे चेष्टेत सर्रास म्हटलं जातं, आणि ठाण्यातही दोन्ही आहेत. लहानपणी माझ्या डोक्यात या दोन जागांची पार सरमिसळ झाली होती. उंच भिंत, मोठं फाटक, आत गेलेल्या माणसाबद्दल घरात दबक्या आवाजात चाललेलं बोलणं. एकीकडे शिक्षा होते आणि दुसरीकडे उपचार, हे मोठेपणी कुणीतरी समजावून सांगितलं तेव्हा कळलं.

इटलीत एक डॉक्टर होऊन गेले. त्यांनी दोन्ही जागा आतून पाहिल्या होत्या आणि त्यांना हा फरक दिसेना. फ्रांको बझालिया त्यांचं नाव. त्यांनी सुरू केलेल्या कामामुळे १९७८ साली इटलीने कायदा करून सरकारी मनोरुग्णालयं बंद करायला घेतली. आजही मनोविकारतज्ज्ञांत त्यांचा विषय निघाला की दोन तट पडतात. काहींच्या लेखी त्यांनी हजारो माणसं सोडवली, काहींच्या लेखी त्यांनी आजारी माणसांना वाऱ्यावर सोडलं. नेमकं काय केलं आणि कशासाठी, हे मात्र फार कमी वेळा नीट सांगितलं जातं. ते इथे सांगायचा प्रयत्न करतो.

बझालिया व्हेनिसचे. जन्म ११ मार्च १९२४. घरची परिस्थिती बरी. मुसोलिनीच्या राजवटीत ते वाढले आणि पादुआला वैद्यकीचं शिक्षण घेता घेता फॅसिस्टविरोधी तरुणांच्या गटात सामील झाले. १९४४ च्या डिसेंबरात त्यांना अटक झाली. महायुद्ध संपेपर्यंतचे काही महिने व्हेनिसच्या तुरुंगात गेले. वय वीस वर्षं.

सुटल्यावर त्यांनी शिक्षण पुरं केलं आणि पादुआच्या विद्यापीठातच मनोविकार विभागात नोकरी धरली. हुसर्ल, हायडेगर, सार्त्र, मर्लो-पाँती अशा तत्त्वज्ञांचं वाचन सतत चालू. विभागातले लोक त्यांना ‘तत्त्वज्ञ’ म्हणू लागले आणि त्यात कौतुक फारसं नव्हतं. विद्यापीठात पुढची वाट बंद आहे हे दिसायला लागलं, तेव्हा १९६१ साली त्यांनी गोरीत्सिया या गावच्या मनोरुग्णालयाचं संचालकपद घेतलं. इटलीच्या पार ईशान्य टोकाला, युगोस्लाव्हियाच्या सीमेवर हे गाव. इस्पितळाच्या आवाराची एक बाजू थेट देशाच्या सीमेला लागलेली. प्राध्यापक होऊ पाहणाऱ्या माणसासाठी ही बदली म्हणजे अडगळीत टाकल्यासारखंच होतं.

आत पाऊल टाकल्यावर त्यांना काय वाटलं, ते त्यांनी पुढे सांगितलं आहे. तुरुंगात पहिल्यांदा शिरताना जे वाटलं होतं, तेच.

आता पहिल्या दिवसांतला एक प्रसंग. ही गोष्ट इटलीत अनेकांना तोंडपाठ आहे. सकाळी मुख्य परिचारक नव्या संचालकांपुढे एक वही ठेवतो. आदल्या दिवशी आणि रात्री ज्या रुग्णांना बांधून ठेवलं त्यांची नावं त्यात लिहिलेली. कुणाला पलंगाला पट्ट्यांनी, कुणाला हात जखडून टाकणाऱ्या जाड कापडी अंगरख्यात. खाली संचालकांच्या सहीची जागा. वर्षानुवर्षं रोज होणारं काम, पाव मिनिटाचं. बझालिया वही वाचतात, सरकवतात आणि आपल्या व्हेनिसच्या बोलीत म्हणतात, ‘मी सही करत नाही.’

हे वाचताना आपण लगेच डॉक्टरांच्या बाजूने होतो आणि परिचारकाला खलनायक ठरवतो. ते बरोबर नाही. त्या वेळी इटलीत १९०४ सालचा कायदा चालू होता. ‘स्वतःला किंवा इतरांना धोकादायक’ किंवा ‘सार्वजनिक ठिकाणी लाज आणणारा’ ठरलेल्या माणसाला मनोरुग्णालयात डांबायचं, असा त्याचा एकंदर आशय. एकदा पक्की भरती झाली की माणसाचे नागरी हक्क जात आणि गुन्हेगारांच्या नोंदवहीत नाव चढत असे. म्हणजे चोर आणि वेडा एकाच वहीत. अशा व्यवस्थेत रुग्ण पळाला, कुणाला मारलं, स्वतःचं काही करून घेतलं, तर पहारा करणाऱ्या परिचारकाच्या मानेवर कायद्याचं जू. रात्री साठ-सत्तर माणसांच्या वॉर्डात दोघं परिचारक असतील तर ते काय करणार? बांधणार. डॉक्टरांची सही म्हणजे त्यांचं संरक्षण. म्हणून सही नाकारली की सगळी साखळी ढिली होते. बांधायचं नसेल तर मग करायचं काय, हा प्रश्न डॉक्टरांसकट सगळ्यांपुढे उभा राहतो. बझालियांना तो प्रश्न उभाच करायचा होता.

त्यांचा मुख्य विचार इथून सुरू होतो. तो सोपा करून सांगायला मी आमच्या घरातलं एक उदाहरण देतो.

आमच्या नात्यातल्या एक मावशी काही वर्षांपूर्वी एका इस्पितळात आठ महिने होत्या. कुठल्या, ते सांगायचं कारण नाही. आजार खरा होता. शेजारीण जेवणात काहीतरी घालते अशी त्यांची पक्की समजूत झाली होती, आवाज ऐकू येत होते, अन्न सोडलं होतं. त्यांना भेटायला गेलो की त्या भिंतीकडे बघत बसलेल्या असायच्या. आयुष्यभर रोज पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचणारी बाई, पण नेलेलं मासिक तसंच उशाशी पडलेलं. केसपेपरवर एक ओळ होती, ‘वाचनात व आजूबाजूच्या गोष्टींत रस नाही.’ आम्ही ती वाचून मान हलवली, आजार बळावला म्हणून. मग एके दिवशी माझ्या आईच्या लक्षात आलं की मावशींच्या डोळ्यांवर चष्मा नाही. चौकशी केली. भरती करताना बांगड्या, मंगळसूत्र आणि चष्मा काढून कपाटात ठेवला होता. काच फुटून कुणाला लागू नये म्हणून. सिस्टरने कपाट उघडलं, चिठ्ठी लावलेल्या पाकिटातून चष्मा काढून दिला. मावशींनी तो पदराने पुसून डोळ्याला लावला आणि आईला म्हणाल्या, ‘केवढी वाळलीस गं तू.’

आवाज त्यानंतरही ऐकू येत राहिले. गोळ्या आजही चालू आहेत. पण त्या केसपेपरवरची ती एक ओळ आजाराची नव्हती, कपाटाची होती.

बझालिया याला आजाराचं ‘दुसरं रूप’ म्हणत, मूळ आजाराची जणू एक नक्कल. माणसाला आजार असतो, तो एक. त्यावर इस्पितळात, बंदिस्तपणात, कपडे-नाव-वस्तू काढून घेतल्याने जे चढतं ते दुसरं. शून्यात बघणं, न बोलणं, एकाच जागी डुलत राहणं, विचारलं तर मान खाली घालणं. वीस वर्षं आत असलेल्या माणसात ही लक्षणं दिसली की डॉक्टर म्हणतात, जुनाट स्किझोफ्रेनिया असाच असतो. बझालिया विचारत, यातलं आजाराचं किती आणि भिंतीचं किती, हे तुम्हाला कसं कळलं? भिंत काढून पाहिल्याशिवाय ते कळणारच नाही.

म्हणून त्यांनी सुचवलं की आजाराला काही काळ कंसात ठेवू. कंसाची ही कल्पना हुसर्लची. तत्त्वज्ञानातला हा शब्द ऐकायला जड आहे, पण अर्थ साधा. लिहिताना आपण एखादा मजकूर कंसात टाकतो तेव्हा तो खोडत नाही, फक्त आधी बाकीचं वाचतो. तसंच इथे. निदानाचा शिक्का बाजूला ठेवा आणि समोरच्या बाईला आधी तिचं नाव, तिचा चष्मा, तिचे पैसे, तिचं मत परत द्या. मग जे उरेल ते आजार, त्यावर उपचार करा. बझालिया मनोविकार मानतच नव्हते, अशी त्यांच्याविषयी सर्वांत जास्त पसरलेली समजूत आहे. ती चुकीची आहे. गोरीत्सियात औषधंही दिली जात. औषध रुग्णाची तगमग कमी करतं तशी डॉक्टरची धास्तीही कमी करतं, आणि दोन्हींपैकी कशासाठी आपण ते देतो आहोत याचं भान हवं, एवढंच त्यांचं म्हणणं. १९६८ मध्ये टीव्हीवरच्या एका माहितीपटात मुलाखत घेणाऱ्याने त्यांना विचारलं होतं, ‘तुम्हाला जास्त रस कशात, रुग्णात की रोगात?’ उत्तर आलं, ‘निःसंशय, रुग्णात.’

गोरीत्सियात सहाशेच्या आसपास रुग्ण होते. एकेक वॉर्ड उघडत गेला. आवारातली जाळ्यांची कुंपणं काढली, ती काढायला रुग्णच पुढे होते. लोकांना स्वतःचे कपडे मिळाले. पलंगाशेजारी एक छोटं कपाट आलं. आवारात कॉफी पिण्याची जागा निघाली. आणि रोज सकाळी सभा भरू लागली. सभा म्हणजे खरोखरच सभा. डॉक्टर, परिचारक, रुग्ण एकाच खोलीत, अध्यक्षपदी रुग्णांपैकी कुणीतरी. येणं सक्तीचं नाही, मधेच उठून जायला मोकळीक. चर्चा कशावर? सहल, कामाचे पैसे, अमका रात्री ओरडतो त्याचं काय करायचं. वर्षानुवर्षं न बोललेली माणसं तिथे बोलू लागली. कधी विषयाला धरून, कधी सोडून.

ही कल्पना बझालियांची स्वतःची नव्हे. स्कॉटलंडमध्ये मॅक्सवेल जोन्स यांनी चालवलेल्या रुग्णालयात असे प्रयोग झाले होते, तिथून ती घेतली. पण बझालियांना लवकरच तिच्यातला धोका दिसला. छान चालणारं मनोरुग्णालयसुद्धा शेवटी मनोरुग्णालयच. पिंजरा सोन्याचा झाला म्हणून दार उघडलं असं होत नाही.

या काळात ते एक जुनी पौर्वात्य गोष्ट सांगत. झोपलेल्या माणसाच्या तोंडातून एक साप पोटात शिरतो आणि तिथे ठाण मांडून बसतो. तेव्हापासून माणसाने काय करायचं हे साप ठरवतो. एके सकाळी माणसाला जाणवतं की साप निघून गेला आहे. आपण मोकळे झालो. पण आता करायचं काय, हे त्याला सुचत नाही, कारण सापाच्या इच्छेलाच तो इतकी वर्षं आपली इच्छा मानत आला. मनोरुग्णालयातून बाहेर येणाऱ्या माणसाची अवस्था ही अशी असते, असं बझालियांचं म्हणणं. कुलूप काढणं हे काम दुपारभराचं आहे. सापाने रिकामी केलेली जागा भरायला वर्षं लागतात, आणि त्यासाठी घर, काम, पैसा, सोबत लागते. माझ्या मते त्यांच्या सगळ्या विचारात हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे आणि त्यांच्या टीकाकारांनी, तसंच बऱ्याच भक्तांनीही, तोच वगळला.

आणखी एक मुद्दा ते ठासून मांडत, गरिबीचा. पैसेवाल्याला स्किझोफ्रेनिया झाला तर तो खाजगी दवाखान्यात जातो, बरा वाटला की घरी येतो, त्याचे हक्क शाबूत राहतात. तोच आजार गरिबाला झाला की पोलिसांच्या कागदावर सरकारी इस्पितळ आणि मग आयुष्यभराचा मुक्काम. रोग एक, भवितव्य दोन. तेव्हा मनोविकारतज्ज्ञाने फक्त डोक्यातल्या रसायनांकडे पाहून चालणार नाही, समाजाने त्याच्यावर नेमकं कुठलं काम सोपवलं आहे हेही पाहिलं पाहिजे. त्यांच्या मते ते काम होतं नको असलेल्या माणसांची राखण.

१९६८ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी गोरीत्सियाच्या अनुभवावर पुस्तक काढलं. ते साल युरोपभर विद्यार्थ्यांच्या उठावाचं, त्यामुळे पुस्तक हातोहात गेलं. त्याच वर्षी सप्टेंबरात घरी एका दिवसाच्या सुटीवर गेलेल्या एका रुग्णाने आपल्या बायकोचा खून केला. बझालियांवर खटला झाला. ते निर्दोष सुटले, पण एक बाई जिवानिशी गेली होती, आणि या प्रसंगाला वळसा घालून त्यांची गोष्ट सांगणं मला अप्रामाणिक वाटतं. दार उघडण्यात जोखीम आहे. बंद दारामागेही माणसं मरतात, फक्त त्याची बातमी होत नाही, हा युक्तिवाद खरा आहे, पण त्या घराला त्याने काय समाधान मिळणार होतं? दुसऱ्या वर्षी बझालियांनी गोरीत्सिया सोडलं.

१९७१ मध्ये ते त्रिएस्ते शहरात आले. प्रांताचे अध्यक्ष मिकेले झानेत्ती ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाचे, बझालिया डाव्या विचारांचे, तरी दोघांचं जमलं. सान जोव्हान्नी या टेकडीवरच्या इस्पितळात जवळपास बाराशे रुग्ण होते. गोरीत्सियात इस्पितळ सुधारून झालं होतं. आता ते रिकामं करायचं होतं.

पहिली अडचण अगदी घरगुती. बऱ्या झालेल्या माणसांना पाठवायचं कुठे? तीस वर्षांत आईबाप गेलेले, भावाने घर विकलेलं. कागदोपत्री सुटी दिली तर माणूस रस्त्यावर. त्यावर तोडगा निघाला तो ‘पाहुणा’ हा दर्जा. माणूस रुग्ण राहिला नाही, त्याच्यावरची सक्ती गेली, त्याचे हक्क परत आले, पण राहायला जागा आणि जेवण आवारातच. पाहुणा हवा तेव्हा बाहेर जातो, हवा तेव्हा येतो. एका शब्दाने केवढं काम केलं पाहा! पुढे शहरात छोट्या सामायिक सदनिका निघाल्या आणि पाहुणे तिकडे राहायला गेले.

दुसरी गोष्ट मजुरीची. इस्पितळात झाडलोट, धुणी, स्वयंपाकघरातली कामं रुग्णच करत. त्याला ‘श्रमोपचार’ म्हणत आणि बदल्यात सिगारेटी किंवा थोडी खर्ची देत. १९७२ मध्ये या कामगार-रुग्णांची सहकारी संस्था काढायचं ठरलं. कायद्याने अडवलं, ज्यांना करार करायचा हक्कच नाही ते सभासद कसे होणार? भांडून मान्यता मिळवली. मग झाडू तोच, फरशी तीच, पण महिन्याला युनियनच्या दराने पगार. ‘उपचार’ गेला आणि नोकरी आली. आपल्याकडे सहकार म्हणजे साखर आणि दूध, पण मनोरुग्णांची सहकारी संस्था ही कल्पना त्रिएस्तेतून पुढे इटलीभर पसरली आणि अजून चालू आहे.

आता घोडा. इस्पितळात मार्को नावाचा एक म्हातारा घोडा होता. मळक्या कपड्यांची गाडी ओढून ओढून थकलेला. त्याला खाटकाकडे धाडायचं ठरलं, तेव्हा घोड्याच्याच नावाने प्रांताच्या अध्यक्षांना अर्ज गेला की एवढ्या वर्षांच्या सेवेनंतर मला निवृत्ती द्यावी. अर्ज मंजूर झाला. या घोड्याची आठवण म्हणून १९७३ च्या सुरुवातीला एका रिकाम्या वॉर्डात रुग्ण, कलावंत आणि कर्मचारी मिळून लाकूड आणि कागदाच्या लगद्याचा एक प्रचंड निळा घोडा करू लागले. रंग निळा असावा हे रुग्णांनी ठरवलं. पोटात आपापल्या इच्छा लिहून टाकायच्या. फेब्रुवारी अखेरीस त्याची शहरातून मिरवणूक काढायची ठरली आणि ऐन वेळी लक्षात आलं की घोडा दारातून बाहेर निघत नाही. मग लोखंडी बाक उचलून दाराला धडका दिल्या, वरचा भाग फोडला आणि मार्को काव्हाल्लो, म्हणजे मार्को घोडा, बाहेर पडला. मागे शेकडो माणसं. कित्येक जण वर्षांनी पहिल्यांदा शहराच्या रस्त्यावर आले होते. आपल्याकडे गणपतीची उंच मूर्ती मंडपातून काढताना जी तारांबळ उडते ना, अगदी तशीच. त्या मिरवणुकीनंतर गावातल्या लोकांनी टेकडीवरच्या माणसांचे चेहरे पाहिले, एवढाच तिचा हिशेब मांडता येतो, आणि तो कमी नाही.

पण सण एका दिवसाचा. खरं काम शहरात उभ्या राहिलेल्या केंद्रांनी केलं. पहिलं १९७५ मध्ये निघालं. वस्तीत एक साधं घर, चोवीस तास उघडं, त्यात सहा-आठ खाटा, एक स्वयंपाकघर, डॉक्टर, परिचारक, समाजसेवक. कुणाला रात्री दोन वाजता भीती दाटून आली तर तो इथे येऊन चार दिवस राहतो आणि घरी जातो. त्याला गोळी मिळते, आणि घरमालकाशी भांडण झालं असेल तर ते मिटवायलाही कुणीतरी सोबत जातं. केंद्रातल्या माणसांना तो ठाऊक असतो, त्याची बहीण ठाऊक असते. मुलकी दवाखाना आणि शेजारी या दोन्हींच्या मधलं असं काहीतरी. हा सांगाडा त्रिएस्तेत पुढे दशकानुदशकं चालला, आणि जागतिक आरोग्य संघटनेने तिथल्या सेवेला आपलं सहयोगी केंद्र म्हणून मान्यता दिली.

१९७८ च्या कायद्याची हकीकत थोडक्यात. १९०४ चा कायदा रद्द करावा यासाठी सार्वमत येऊ घातलं होतं आणि सरकारला कायद्याची पोकळी नको होती. अतिरेक्यांनी पळवून नेऊन मारलेले माजी पंतप्रधान आल्दो मोरो यांचा मृतदेह सापडला त्याला चार दिवस झाले होते, देश सुन्न होता, तशातच १३ मे रोजी कायदा क्रमांक १८० मंजूर झाला. लोक त्याला बझालिया कायदा म्हणतात. मसुदा मात्र ब्रूनो ओर्सिनी या मनोविकारतज्ज्ञ खासदारांच्या हातून गेला आणि त्यात तडजोडी होत्या. नवं मनोरुग्णालय बांधायचं नाही, जुन्यात नवी भरती करायची नाही. गरज पडली तर सामान्य रुग्णालयात जास्तीत जास्त पंधरा खाटांचा विभाग. सक्तीचा उपचार करायचाच असेल तर दोन डॉक्टरांचं मत, महापौरांचा आदेश, न्यायाधीशांची मान्यता आणि मुदत सात दिवस, वाढवायची तर पुन्हा कारण द्या. यात ‘धोकादायक’ हा शब्दच नाही. निकष उपचाराची गरज हा आहे. पोलिसांची भाषा जाऊन आरोग्याची भाषा आली, हा या कायद्याचा सर्वांत मोठा बदल.

कायदा झाला तेव्हा इटलीच्या मनोरुग्णालयांत पाऊण लाखाहून अधिक माणसं होती. ती शेवटी रिकामी व्हायला नव्वदचं दशक सरावं लागलं. त्रिएस्तेसारखी केंद्रं सगळीकडे निघाली नाहीत. अनेक प्रांतांनी दारं बंद केली पण घरं उघडली नाहीत. मधल्या काळात ओझं पडलं ते कुटुंबांवर, आणि कुटुंबांवर म्हणजे आया, बायका आणि बहिणींवर. त्यांनी चिडून संघटना काढल्या, कायदा बदला अशी मागणी केली. त्यांचा राग खरा होता. सापाची गोष्ट आठवा. सरकारांनी कुलूप काढण्याचा स्वस्त भाग केला आणि पुढचा महाग भाग टाळला.

स्वतः बझालियांना हे पाहायला आयुष्य मिळालं नाही. १९७९ मध्ये ते ब्राझीलला जाऊन आले. तिथलं बार्बासेनाचं मनोरुग्णालय पाहून त्यांनी त्याची तुलना नाझींच्या छळछावणीशी केली, त्याने तिथे खळबळ उडाली आणि सुधारणेच्या चळवळीला धार आली. परतल्यावर रोममध्ये नवीन काम हाती घेतलं, तोच मेंदूत गाठ निघाली. २९ ऑगस्ट १९८० रोजी व्हेनिसमध्ये ते गेले. वय ५६. कायद्याची राखण पुढे केली ती त्यांच्या पत्नी फ्रांका ओंगारो यांनी. त्यांचं बरंचसं लेखन दोघांनी मिळून केलेलं आहे, पण नाव घेताना लोक एकाचंच घेतात. फ्रांका १९८३ पासून दोन वेळा सिनेटर होत्या, आणि कायदा नुसता कागदावर राहू नये म्हणून केंद्रं, कर्मचारी, पैसा यांची तरतूद मागत राहिल्या.

हे सगळं दूर इटलीतलं. पण २०१७ चा आपला मानसिक आरोग्य सेवा कायदा उघडून पाहा. रुग्णाला साखळीने बांधायला बंदी. सक्तीने मुंडण करायला बंदी. स्वतःचे कपडे घालण्याचा हक्क. आत कामाची सक्ती नाही आणि केलेल्या कामाचा मोबदला. कलम १९ तर सांगतं की घर नाही, घरचे नेत नाहीत किंवा बाहेर सोय नाही एवढ्याच कारणाने कुणालाही मनोरुग्णालयात ठेवून घेता येणार नाही, आणि अशांसाठी छोटी निवासी घरं काढणं सरकारचं काम आहे. गोरीत्सिया आणि त्रिएस्तेत ज्या गोष्टींसाठी भांडावं लागलं, त्यातल्या कितीतरी इथे मराठीतही छापून मिळतात.

महाराष्ट्रात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. बरं होऊनही न्यायला कुणी आलं नाही म्हणून आत राहिलेली माणसं आपल्याकडेही आहेत. घरी पाठवलेली पत्रं परत येतात, पत्ता जुना झालेला असतो. त्यांच्यासाठी लागणारं घर फार मोठं नाही. चार-पाच खोल्या, एक स्वयंपाकघर, हाकेच्या अंतरावर सिस्टर, आणि प्रत्येक खोलीची किल्ली तिथे राहणाऱ्याच्या हातात.